रिकामी बंदूक दिसली पाहिजे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तावातावाने बोलत होतास तेव्हा मी मुद्दामच गप्प बसले. मध्ये बोलले असते तर आपली जुंपली असती, आणि तुझ्याशी फोनवर भांडलं की मला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा आणखी एक फायदा.

तुझं म्हणणं असं, की नेमबाजीच्या रेंजवर हवेत फेकलेल्या चकत्या फोडण्याची तुझी फेरी संपली होती, दोन्ही काडतुसं उडवून झाली होती. तू बंदूक मिटलीस आणि ती ठेवायला रॅककडे निघालास, जेमतेम दहा पावलं. तेवढ्यात रेंज ऑफिसर सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. "आई, रिकामीच होती गं!" हे तू तीन वेळा म्हणालास. मी मोजलं.

होती रिकामी, मान्य. पण ते तुला ठाऊक. तुझ्या शेजारच्या चौघांना कसं कळावं? मिटलेली दुनळी भरलेली असो की रिकामी, बाहेरून तंतोतंत सारखीच दिसते. तीच बिजागरीतून उघडून हातावर आडवी टाकली की लांबून बघणाऱ्यालाही कळतं, आता हिच्यातून काही सुटणार नाही. त्याला तुझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, तुझ्याकडे लक्षही ठेवावं लागत नाही. तो निवांत आपल्या चकतीकडे बघतो. अर्ध-स्वयंचलित बंदूक अशी उघडत नाही, म्हणून तिचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दट्ट्या, मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, भडक रंगाची प्लास्टिकची पट्टी खोचतात. तिचंही काम तेच, लांबूनच दिसण्याचं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुला आजवर सांगितलेली नाही. मला क्लबात दुसरं वर्ष होतं. ट्रॅपची फेरी, म्हणजे समोरून दूर उडत जाणाऱ्या चकत्या ओळीतल्या पाच जागांवरून फोडायच्या, आणि मी पाचव्या जागेवर. चकती सोडा म्हणून "पुल" म्हटलं आणि यंत्रातून फुटकी चकती बाहेर आली. दोन तुकडे, दोन दिशांना. मी बार काढला नाही, ते बरोबर केलं. पण मग "बघितलंत का?" म्हणून ऑफिसरकडे वळले. मान नुसती नाही वळवली, अख्खी वळले, खांद्याला लावलेली भरलेली बंदूक घेऊन. मागे बाकावर लोक बसले होते. नळीचं तोंड त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. बाकावरच्या एका बाईने काही न बोलता आपल्या मुलाचं डोकं धरलं आणि स्वतःच्या गुडघ्यांत दाबलं. एवढंच झालं. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, तिचा तो हात मात्र आठवतो. माझं बोट तेव्हा चापावर होतं की नव्हतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

ऑफिसर ओरडले नाहीत. "बंदूक उघडा" एवढंच म्हणाले, आणि महिनाभर मला रेंजवर येऊ दिलं नाही. घरी मी सांगितलं, खांदा दुखतोय. तेव्हा, बाळा, तुझ्यावर नुसते ओरडले असतील तर तू स्वस्तात सुटलास.

तू म्हणशील, सेफ्टीचा खटका लावला असता तर? बहुतेक शॉटगनमध्ये, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीत, तो खटका फक्त चाप अडवतो. आतला घोडा ताणलेलाच राहतो. बंदूक हातातून निसटून आपटली तर खटका लावलेला असूनही बार उडू शकतो. बंदूक उघडलेली असली की तो प्रश्नच मिटतो. म्हणून शंका आली, चकती फुटकी आली, कोणी हाक मारली, नाक खाजलं, काहीही झालं तरी आधी बंदूक उघडायची, काडतुसं काढायची आणि मग तोंड उघडायचं. ट्रॅपमध्ये पाचव्या जागेवरून पहिल्या जागेवर सगळ्यांच्या पाठीमागून चालत जावं लागतं, तेव्हा तर हे जास्तच सांभाळ. गडी घाईत असतो, पुढच्या बारासाठी काडतूस आधीच सरकवून ठेवावंसं वाटतं. ठेवायचं नाही. आपल्या जागेवर उभं राहून, नळी समोर करून, आपली पाळी आली की भरायचं.

काडतुसांचं जरा नीट वाच, कारण हे तुला कोणी समजावलेलं दिसत नाही. तुझी बंदूक बारा बोअरची. म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक तिच्या नळीत नेमकी बसेल. वीस बोअर म्हणजे त्याच पौंडाच्या वीस गोळ्या, म्हणून आकडा मोठा आणि नळी बारीक. आता चुकून वीसचं काडतूस बाराच्या बंदुकीत पडलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही, पुढे घसरतं आणि नळी जिथे निमुळती होत जाते तिथे अडकून बसतं. चाप ओढला तर काही होत नाही. माणसाला वाटतं, भरायचं राहूनच गेलं. उघडून बघतो तर चेंबर मोकळं, म्हणून बाराचं काडतूस घालतो आणि पुन्हा चाप ओढतो. या वेळी मात्र नळी फुटते, आणि फुटते ती नेमकी पुढच्या हाताची पकड असते त्याच्या आसपास. वीस बोअरची काडतुसं पिवळी करण्याची पद्धत पडली ती यासाठीच. पण रंगावर विसंबू नकोस, कारण पिवळ्या रंगात इतर काडतुसंही मिळतात. बुडावर आकडा कोरलेला असतो, तो वाच. तुझं जॅकेट तू मित्राकडून घेतलं आहेस ना? तो किती बोअरचं वापरतो ते मला माहीत नाही. तू विचार.

बार फुसका निघाला तर हसू नकोस. नेहमीचा धाड आवाज न येता नुसतं "फट्" झालं, किंवा खांद्याला धक्काच जाणवला नाही, तर आतली प्लास्टिकची वाटी, म्हणजे वॅड, नळीत अडकलेली असू शकते. उघड, काडतुसं काढ आणि मागच्या बाजूने नळीत डोकावून बघ, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. पुढून कधीही डोकावायचं नाही. चाप ओढूनही काहीच झालं नाही, तर मात्र उघडण्याची घाई नको. दारू कधी कधी उशिरा पेट घेते. नळी समोरच धरून निदान ३० सेकंद थांब. तुझ्या क्लबाचा नियम याहून कडक असेल तर तो पाळ.

कानांचं बोलते. तुझं नाव निनाद ठेवलं, याचा अर्थ तो आयुष्यभर कानात घुमत राहावा असा नाही. शॉटगनच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि १४० च्या वर एकच धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो. आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की माणसात परत उगवत नाहीत. कानात बोळे घाल आणि वरून कान झाकणारे मफ लाव, दोन्ही. चष्मा आणि पुढे झडप असलेली टोपी आहेतच. चकती १०५ ग्रॅमची असते, तिचे तुकडे कधी कधी वाऱ्याने उलटे येतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात.

मफमुळे हाका नीट ऐकू येत नाहीत, ही अडचण खरी. म्हणून हाताच्या खुणा पाठ कर. आणि "थांबा" हा शब्द रेंजवर कोणीही उच्चारू शकतो, कालपरवा आलेलं पोरही. तो ऐकला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या बंदुका उघडतात, कारण नंतर विचारतात. माणसं पुढे मैदानात असताना तर बंदुकीला हातही लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही.

चकतीच्या यंत्राकडे तू कुतूहलाने बघतोस, ते मला माहीत आहे. लहानपणी मिक्सर उघडलेला पोरगा तू. यंत्राचा फेकणारा हात ताणून अडकवलेला असला, की वीज बंद केली तरी स्प्रिंगची ताकद आत तशीच राहते. सुटला तर माणसाचं हाड मोडतो. यंत्र भरणारे लोक शिकलेले असतात, तू लांब राहा.

स्कीट, म्हणजे दोन बाजूंच्या यंत्रांतून येणाऱ्या चकत्या फोडण्याचा खेळ, तू अजून खेळला नाहीस. खेळशील तेव्हा गंमत म्हणून लक्षात ठेव, की ते मैदान अर्धवर्तुळाकार का आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स डेव्हिस आणि त्यांची मंडळी पूर्ण वर्तुळात फिरून नेम धरत, घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा जागा करून. मग शेजारच्या जमिनीवर कोंबड्या पाळायला सुरुवात झाली. छर्रे तिकडे जायला लागले, तेव्हा वर्तुळ निम्मं कापलं आणि समोर दुसरं यंत्र बसवून सगळे कोन परत मिळवले. आज जगभर हा खेळ त्या कोंबड्यांच्या कृपेने अर्ध्या वर्तुळात चालतो. चकती तू तीस-पस्तीस मीटरवर फोडतोस, पण चुकलेला छर्रा २०० मीटरच्या आसपास जाऊन पडतो. मैदानाच्या कडेला ठोकलेले खुंट त्यासाठी आहेत. चकती त्यांच्या पलीकडे गेली की गेली, तिच्यामागे नळी फिरवायची नाही.

छर्रे बहुतेक शिशाचे असतात, आणि धुरातही शिसं असतं. खाण्याआधी साबणाने हात धू. जॅकेट घरातल्या इतर कपड्यांत मिसळू नकोस.

आता काम. पुढच्या वेळी जाण्याआधी जॅकेटचे सगळे खिसे टेबलावर उलटे कर, अस्तरातला तो आतला खिसासुद्धा, आणि प्रत्येक काडतुसाचं बूड वाचून वेगळं लाव. काय काय निघालं ते मला कळव. रेंजवर गेलास की आधी त्या ऑफिसरना भेट. बंदूक उघडी, हातावर आडवी, नळ्या जमिनीकडे, आणि मग माफी माग. लांबलचक नको, आणि "रिकामी होती" हे शब्द तर अजिबात नकोत.

तुझी,
आई

ता. क. : हे पत्र बाबांच्या हाती पडू देऊ नकोस. खांद्याची गोष्ट त्यांना अजून खरी वाटते, आणि त्या महिन्यात त्यांनी माझा खांदा रोज चेपून दिला होता.