दारावरची थाप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आधी बातमी. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी माझ्या तीन एकांकिका एकाच संध्याकाळी सलग होणार आहेत. तिन्ही मिळून सव्वा तास, मध्यंतर नाही. मध्यंतर नको हा हट्ट माझा. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 1888 साली आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत म्हटलंय की, मध्यंतरात प्रेक्षकाला विचार करायला उसंत मिळते आणि तो लेखकाच्या संमोहनातून सुटतो. मला ते मनापासून पटतं. एकदा मोडलेली लय पुन्हा जुळवायला मोठ्या नाटकाकडे अख्खा अंक असतो, एकांकिकेकडे नसतो.

पहिलीत दोन भाऊ हातात टेप धरून घराच्या मधोमध भिंत कुठे घालायची ते ठरवताहेत. तिसरीत छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंच्या समोर आलेल्या मजकुरात एक ओळखीचं नाव निघतं. दोन्ही चांगल्या बसल्यात. त्यांच्याबद्दल आत्ता सांगत नाही, येऊन बघ. मला तुझ्याशी बोलायचंय ते मधलीबद्दल.

ती ट्रंकवाली रे. तुझ्या खोलीत रात्री दोनपर्यंत मी तिचा पहिला खर्डा वाचून दाखवला होता. म्हातारी शिक्षिका घर सोडून निघाली आहे, ट्रंक भरते आहे, आणि शेजारी दर दोन पानांनी येऊन काहीबाही विचारतोय. वाचन संपल्यावर तू एवढंच म्हणालास, "हा शेजारी आपल्याला माहिती द्यायला येतो. तिला भेटायला येत नाही." तुला बोललो नाही, पण मी दुखावलो होतो. पुढे कितीतरी दिवस त्या कागदांना हात लावला नाही.

या वेळी तालमी सुरू झाल्या तेव्हाही शेजारी होताच. बसून वाचलं तेव्हा एकांकिका 19 मिनिटांत संपली. उभ्या तालमीत 28 मिनिटं झाली! वाक्य एकही वाढलं नव्हतं. दिग्दर्शिकेने माझ्या हातात घड्याळ दिलं आणि म्हणाली, बस आणि मोज. मोजलं. ट्रंकेचं झाकण उघडायचं, खाली बसायचं, कपड्याची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची, गुडघ्यावर हात टेकून उठायचं. एका उठण्याला अकरा सेकंद. संहितेत मी कंसात नुसतं 'उठते' लिहून मोकळा झालो होतो. वाचनात तो शब्द कुणी उच्चारतही नाही. पण त्या अकरा सेकंदांत बाईंचं वय दिसत होतं, हट्ट दिसत होता, मदतीला कुणी नाही हेही दिसत होतं. आणि लगेच शेजारी येऊन तेच सगळं तोंडाने सांगत होता. तुझं वाक्य मला तिथे बसल्या बसल्या ऐकू आलं.

त्या रात्री शेजाऱ्याची सगळी वाक्यं काढली. एकांकिका 20 मिनिटांवर आली.

लिहिताना पात्र काढणं सोपं असतं. तालमीत त्या पात्राच्या जागी माणूस उभा असतो. तीन आठवडे वेळेवर येणारा, सगळं पाठ केलेला नट. त्याला मीच सांगायला हवं होतं, दिग्दर्शिकेवर ढकलणं बरं नव्हे. सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे शेजारी येतच नाही?" मी म्हटलं, येतो, दार वाजवतो, बाई उघडत नाहीत. "थाप रेकॉर्ड केलेली असणार?" हो म्हटलं. "नको. मी वाजवतो."

आता तो डाव्या विंगेत फळीच्या दारापाशी उभा असतो. तीनदा वाजवतो. पहिली थाप नेहमीची, शेजाऱ्याच्या हक्काची. दुसरी काळजीची. तिसरी काय आहे ते मी लिहिलेलं नाही, त्याने शोधलंय. बाईंच्या हाताचा ट्रंकेच्या कडीशी आवाज होतो, त्यावर तो कान ठेवून असतो, आणि आवाज थांबला की मग मारतो. रोज थोडी पुढेमागे पडते. रेकॉर्डिंगमध्ये हे झालं नसतं.

काळजी आहे ती अंधाराची. दोन एकांकिकांच्या मध्ये चाळीस सेकंदांचा ब्लॅकआउट. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि आमच्या मुलांना चाळीस सेकंदांत भिंतीच्या खुणा काढून ट्रंक आणायची आहे. जमिनीवर चमकत्या पट्टीचे तुकडे लावलेत, पावलं मोजून ठेवलीत. तरी परवा एकाच्या नडगीला ट्रंक लागली. आता ती मुलं दिवे जायच्या आधीपासून विंगेत डोळे मिटून उभी राहतात. त्यांना तसं उभं बघितलं की माझा जीव गलबलतो.

तू शनिवारी ये. रविवारी प्रयोग अधिक मुरलेला असेल, पण मला तू पहिल्या दिवशी हवा आहेस. जागा डावीकडे, चौथ्या रांगेत धरून ठेवतो. तिथून विंगेतलं काही दिसत नाही, पण थाप अगदी जवळून ऐकू येते. आणि पडदा पडल्यावर आधी माझ्याकडे येऊ नकोस. डाव्या विंगेत जा, त्याला भेट. नंतर आपल्याला अख्खी रात्र आहे.

कळव, म्हणजे जागा पक्की करतो.

तुझा,
नाटकवाला मित्र