तांडेलकाका, तुमचा ड्रॅगन छापून आला

तांडेलकाका, नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीय. तुमच्या सुनेच्या मोबाईलवर पाठवतेय, ती संध्याकाळी पडवीत मोठ्याने वाचून दाखवेल आणि तुम्ही जाळं तुणता तुणता नुसतं "हं" म्हणाल, मान वर करणार नाही. चालेल. असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे पुस्तकात आभाराला प्रकाशकांनी अर्धं पान दिलं आणि त्यात तुम्ही काही मावला नाहीत, शिवाय माझं नाव घालू नको असं तुम्हीच बजावलेलं, मग "एका तांडेलकाकांचे आभार" एवढंच छापून आलं आणि ते वाचून आमच्या आईने पहिला प्रश्न केला, हा कोण गो तांडेल?

तर आईसाठी आणि बाकी सगळ्यांसाठी पण सांगते, तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. मी एक फँटसी कादंबरी लिहिली. ड्रॅगनवाली. मराठीत, आणि मालवणात बसून. हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "लहान मुलांसाठी का?" विचारतो, मग विषय बदलतो. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. तुम्ही सुई थांबवलीत आणि विचारलंत, "तो खाता काय गो?"

मला उत्तर देता आलं नाही. तोपर्यंत चारशे पानं लिहून झाली होती आणि माझा ड्रॅगन काय खातो हे मला माहीत नव्हतं! तो आग ओकायचा, सोन्याच्या ढिगावर बसायचा, पण चारशे पानांत एकदाही जेवला नव्हता.

त्या चारशे पानांबद्दल आता लाज वाटते, पण सांगून टाकते. त्यात एक उंच तरुण होता, खांद्यावर जन्मखूण, कमरेला तलवार, एका ताम्रपटावर त्याचं भविष्य लिहिलेलं आणि गोष्ट घडायची बर्फाच्या डोंगरात. बर्फ मी पाहिलाय तो जेटीवर माशांच्या क्रेटमधला. मुंबईच्या एका प्रकाशकांनी ते बाड आठ महिने ठेवून घेतलं आणि "भाषा चांगली आहे" एवढं म्हणून परत केलं. भाषा चांगली आहे म्हणजे काय ते लिहिणाऱ्या माणसाला बरोबर कळतं.

मग 1 जून आला. मासेमारी बंद, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, 31 जुलैपर्यंत दर्यात जायचं नाही, म्हणजे हातात 61 दिवस आणि तुमच्या पडवीत डोंगराएवढी फाटकी जाळी. मी खरं तर काकींकडे सोलं आणायला आले होते. बाहेर पाऊस असा लागला की निघता येईना, तुम्ही "काय लिवतस तां वाच" म्हणालात, मी फोन काढला, आणि त्या दिवसापासून जवळजवळ रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले. काकींनी किती कोरा चहा पाजला त्याचा हिशोब नाही.

काकांनी मला लिहायला शिकवलं वगैरे मी म्हणणार नाही, काकांनाच ते आवडणार नाही. त्यांनी फक्त प्रश्न विचारले, तेही तिरकस, आणि दर वेळी माझ्या कादंबरीची एक भिंत पडली. ताम्रपट वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, "ताम्रपट गावलो तर आधी कोर्टात केस उभी रवतली." झालं, ताम्रपट गेला. आता ड्रॅगनला मारायला कोण जाणार हे ठरवायचं कसं? मी दोन दिवस डोकं खाजवत होते, तुम्ही गाठ मारता मारता सहज म्हणालात, "जे मिटिंगेक येनत नाय तेंचीच नावा घालतत."

काका, माझी सगळी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी आहे. गावात मिटिंग होते, ड्रॅगनचं काय करायचं ते ठरवायला, आणि जे चौघे मिटिंगला आले नाहीत त्यांची नावं एकमताने पास होतात. एक रिटायर्ड एसटी कंडक्टर, ज्याला अजून सगळीकडे माणसं मोजायची सवय आहे. एक दशावतारातला स्त्रीपार्टी, गुडघा गेलेला, पाण्याला घाबरणारा, पण बोलायला लागला की समोरचा राक्षस असो की देव, ऐकत राहणार (लिहिलेली संहिता नसताना रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचणारा माणूस तो, त्याला ड्रॅगनशी बोलायला सांगितलं तर काय अडणार आहे). एक मासळी विकणारी मावशी जी त्या दिवशी बाजारात होती म्हणून आली नाही. आणि बारावीला दोनदा गचकलेला, तारकर्लीला पर्यटकांना स्कूबाचे सूट चढवून देणारा एक पोरगा, जो झोपला होता. चौघांपैकी एकालाही जायचं नाहीये. कंडक्टर तर अर्ज करतो की मला शुगर आहे.

उंच तरुण कुठे गेला मला माहीत नाही. बसला असेल आपल्या बर्फात.

मग जागा. ड्रॅगन राहतो कुठे? मी म्हटलं सिंधुदुर्गाच्या खालच्या एखाद्या भुयारात, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी सिंधुदुर्गाची माफीच मागितली. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाचा दगड बसवला तेव्हापासून तो किल्ला दर्याचा मार खात उभा आहे, पाऊस सोडला तर रोज होड्या भरभरून माणसं तिथे जातात, तिथे कसला ड्रॅगन लपतोय. तुम्ही निवतीकडे हात केलात. वेंगुर्ला रॉक्स, भर दर्यातले खडक. दीपगृह आहे ते मला माहीत होतं, गुहा आहेत आणि त्यात अंधारात पाकोळी पक्षी घरटी करतात, तीही स्वतःच्या लाळेने चिकटवून, हे ऐकून होते, पण इंग्रजांच्या जुन्या नकाशात त्या खडकांना 'बर्न्ट आयलंड्स' म्हटलंय हे घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं आणि मी अक्षरशः ओरडले. जळकी बेटं! कोणी जाळली? मला यापुढे काहीही कल्पना करायची गरजच नव्हती.

नावाचं मात्र आपलं जमलं नाही. ड्रॅगनला मराठीत काय म्हणायचं यावर मी आठवडा घालवला, अग्निसर्प म्हटलं तर शाळेच्या पुस्तकातलं वाटतं, अजगर म्हटलं तर नुसताच लांब. मी तुम्हाला वृत्राची गोष्ट पण सांगितली, ऋग्वेदातला, पाणी अडवून बसलेला, इंद्राने वज्राने मारला तो, की बघा, तिकडच्यांचा ड्रॅगन सोनं अडवतो आणि आपला पाणी अडवतो. तुम्ही म्हणालात, "म्हणजे धरणवालो." आणि मग, "तेका नाव कित्याक होया? दर्यात मोठा कायव दिसला तर आमी नाव घेनव नाय." म्हणून अख्ख्या पुस्तकात गावातलं कोणी ड्रॅगन हा शब्द उच्चारत नाही, नुसतं 'तो' म्हणतात. ज्यांनी वाचलंय त्यांनी मला सांगितलं की त्यानेच जास्त भीती वाटते.

आणि ती आग. हे सगळ्यांना सांगायलाच हवं. मी विचारलं होतं की पाण्यात राहणारा प्राणी आग कशी ओकेल, ते पटत नाही. तेव्हा तुम्ही थंडीतल्या रात्रीचं पाणी सांगितलंत. काळोख्या रात्री वल्हं मारलं की पाणी निळं पेटतं, जाळं ओढलं की जाळ्याचा प्रत्येक फासा उजळतो, हात बुडवून बाहेर काढला तर बोटांवरून निळे थेंब गळतात आणि क्षणात विझतात. ते बारीक जीव असतात, नॉक्टिल्युका, पाणी हललं की चमकतात, आता दर हिवाळ्यात लोक रील काढायला येतात. पण तुम्ही पुढे म्हणालात की अशा रात्री खालून मोठा मासा गेला तर मासा दिसत नाही, त्याची फक्त कड दिसते, निळी, आणि ती होडीपेक्षा लांब असली तर वल्हं थांबवायचं. हे सांगताना तुमचा हात खरंच थांबला होता. माझा ड्रॅगन पुस्तकात पहिल्यांदा दिसतो तो तसाच, नुसती कड. ते पान मी फार काही लिहिलेलं नाही, तुम्ही बोललात तसं उतरवलंय.

तर, तो खातो काय. मासे खातो. मग किनाऱ्याकडे का आला, इतकी वर्षं नव्हता आला? यावर तुम्ही जे सुरू झालात, बापरे, पर्ससीन (मासळीचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी), लायटीवाले, 2017 साली केंद्राने एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी बंद केली तरी रात्री दर्यात बघ कशी दिवाळी असते, सगळा राग बाहेर. मी गप्प ऐकत होते आणि आतमध्ये कादंबरी आपोआप जुळत होती. उजेडामागे मासळी, मासळीमागे तो, उपाशी. म्हणजे त्याला मारायचा की नाही हा प्रश्नच बदलला. 2023 च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, लोक त्याच्यावर पाणी मारत होते, परत खोल पाण्यात न्यायला धडपडत होते, आणि शेवटी ते वाचलं नाही. त्या बातमीवर तुम्ही एवढंच म्हणालात की इतक्या वजनाला तलवारीचा काय उपयोग, "रापणीक हात होये, हिरो कित्याक?" ज्यांनी रापण ओढताना पाहिली नाही त्यांच्यासाठी, होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसांची रांग लागते, म्हातारी, पोरं, बायका, सगळ्यांनी मागे मागे सरकत ओढायचं, नंतर वाटे. शेवट यापेक्षा जास्त सांगत नाही, पुस्तक 250 रुपयांना आहे.

आता जे लिहायला मी हे पत्र घेतलं ते. जुलैत एका संध्याकाळी लाईट गेलेली, फोनची बॅटरी संपत आलेली, म्हणून वाचन बंद, आणि तुम्ही स्वतःहून बोलायला लागलात. 2009 च्या फयान वादळात तुम्ही दर्यात होतात. कसेबसे देवगड बंदरात शिरलात ते सगळ्या गावाला माहीत आहे, त्यावर तुमचा सत्कार पण झाला. पण 16 मे 2021, तौक्ते वादळाच्या दिवशी, सगळे होड्या वर ओढायला धावले तेव्हा तुम्ही दाराला अडसर घालून आत बसून राहिलात. काकी दोनदा म्हणाल्या, जावा. पत्रे उडत होते, माड मोडल्याचे आवाज येत होते आणि तुम्हाला खाटेवरून उठता आलं नाही. होडी सकाळी दोन तुकड्यांत मिळाली. "माका भ्या वाटला," म्हणालात, आणि पुन्हा जाळं हातात घेतलंत, अंधारात, काही दिसत नसताना.

मी काही बोलले नाही. मला काय बोलायचं कळलंच नाही खरं तर. घरी आले आणि रात्री मेणबत्तीवर वहीत सतरावं प्रकरण लिहिलं, फोन बंद पडलेला म्हणून. त्यात चौघांना बेटावर न्यायला जो तांडेल ठरलाय, गावातला सगळ्यात धाडसी म्हणून ज्याचं नाव, तो ऐन वेळी दार उघडत नाही. बाकीचे चार अडाणी वल्ही मारत निघतात. आणि दुसऱ्या दिवशी रापणीच्या वेळी तो खाली मान घालून किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याला कोणी काही विचारत नाही, पुढचा माणूस मागे न बघता दोर त्याच्या हातात देतो. तसं झालेलं ना, काका? तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांच्या होड्या काढायला गेलात, हे मला काकींनी नंतर चुलीपाशी सांगितलं.

ते प्रकरण तुम्हाला वाचून दाखवायला मी चार दिवस घाबरत होते. वाचलं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मला वाटलं आता येणं बंद करावं लागणार. मग म्हणालात, "लिव. पण होडयेचा नाव बदल." बदललंय. आणि खरं नाव कुठेच लिहिणार नाही, इथे पण नाही.

बाकी पैशाचं मी काढलं तेव्हा तुम्ही रागावलात म्हणून परत काढत नाही, नायलॉनची दोन रिळं मी सुनेकडे दिली आहेत, ती मात्र परत पाठवू नका, दुकानदार परत घेत नाही.

आणि हो. पुस्तक हातात आल्यावर तुमच्या सुनेने नववं प्रकरण वाचलं आणि तुम्ही तिच्याकरवी एकच निरोप पाठवलात, "आषाढात ताजो बांगडो खयसून इलो गो?" मावशी भर बंदीच्या दिवसांत बाजारात ताज्या बांगड्याची टोपली घेऊन बसलीय. इतक्या संध्याकाळी तुमच्यासमोर काढून मी ही चूक केली आणि ती आता पाचशे प्रतींत छापलेली आहे. दुसऱ्या छपाईत सुका बांगडा करते. तोपर्यंत कोणी विचारलं तर गोव्याचा बर्फातला होता म्हणून सांगा, प्लीज.

तुमची,
सोलं न्यायची विसरलेली