विषय: स्टॅबिलायझर हिचच्या टो-बॉलवर तुमच्याच वर्कशॉपने लावलेले ग्रीस

व्यवस्थापक,

तुमचं कॉल सेंटर पुण्यात आहे आणि कालचं सगळं बोलणं मराठीत झालं, म्हणून हे पत्रही मराठीत. इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे.

माझ्या ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, ट्रेलर नऊ मीटर लांब आणि लांबीच्या मानाने हलका. बाजूने वारा लागला की शेपूट डोलायला लागते. म्हणून तर ट्रेलर गाडीला जोडायला तुमच्याकडून स्टॅबिलायझर हिच बसवून घेतली. तिचे पॅड गाडीच्या मागचा 50 मिलिमीटरचा बॉल आवळून धरतात आणि त्या घर्षणाने डोलणं थांबतं. बॉल कोरडा हवा, हे तुम्हाला मी सांगायचं का? आणि तुमच्या मेकॅनिकने त्यावर ग्रीस चोपडलं!

रविवारी इंग्लंडमधल्या एम-1 मोटरवेवर ताशी 55 मैलांच्या वेगात होतो. शेजारून एक मोठी कोच बस गेली आणि ट्रेलर आधी एका आरशात दिसला, मग दुसऱ्या. ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. चाळिसावर आल्यावर शेपूट शांत झाली. निघताना टायरची हवा तपासली होती, नोज वेट, म्हणजे बॉलवर येणारा ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार, 70 किलो भरलं होतं. पुढच्या सर्व्हिस एरियात हिच काढून बॉल रुमालाने पुसला, तर रुमाल काळा आणि पॅड तेलकट, चकचकीत.

काल चाळीस मिनिटं थांबल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "काका, बॉलला ग्रीस लावावंच लागतं." मी म्हटलं, साध्या हिचला लावतात, या हिचला नाही. तर म्हणे, "मग एवढ्या जोरात कशाला चालवता? या वयात हळू जावं, काका." ट्रेलर ओढताना मोटरवेवर मर्यादा 60 ची आहे, मी 55 ने होतो, हे दोनदा सांगितलं. त्यावर, "आणि ग्लायडर म्हणजे तरी काय, खेळणंच ना?" मागे कोणीतरी हसलं. हडपसरला ग्लायडरमध्ये बसून विंचच्या दोराने पहिल्यांदा वर गेलो, तेव्हापासून आजवर मला असं कोणी बोललं नव्हतं. आणि ग्रीस लावलं कोणी, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही.

तेलकट झालेले पॅड पुसून पुन्हा वापरता येत नाहीत. नवे पॅड तुमच्या खर्चाने बसवून द्या आणि त्या फोनबद्दल लेखी माफी मागा. काम नीट, काळजीपूर्वक करून मिळणं हा ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने माझा हक्क आहे. चौदा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे जाईन.

तुमचं काम चांगलं म्हणून क्लबातल्या चौघांना मीच तुमच्याकडे पाठवलं होतं. त्या चौघांना आज फोन करून सांगितलं, रस्त्यावर निघण्याआधी बॉल रुमालाने पुसून बघा.