जर्मनीतच का नाही?

अलिबाग,
रविवार

प्रिय अविनाश,

परवा फोनवर तू तावातावाने विचारलंस, "ज्यूंना मारलं जर्मनांनी, मग देशही जर्मनीतच काढून द्यायचा! पॅलेस्टाईनच्या अरबांनी काय घोडं मारलं होतं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

अरे, हेच फेब्रुवारी १९४५ मध्ये सौदीचे राजे इब्न सौद यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना तोंडावर सांगितलं होतं. निव्वळ न्याय बघितला तर मला त्यात खोट काढता येत नाही. पण जे जिवंत राहिले त्यांचं काय? त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे दूत अर्ल हॅरिसन निर्वासितांच्या छावण्या पाहायला गेले, तर जर्मनी हरल्यावरही ज्यू काटेरी तारांच्या आतच. काहींच्या अंगावर छळछावणीतलेच कपडे. त्यांना तिथेच घर बांधा म्हणायचं? पोलंडला परतले त्यांची गत आणखी वाईट. ४ जुलै १९४६ ला किएल्त्से शहरात जमावाने चाळीसहून जास्त ज्यू मारले, युद्ध संपून वर्ष झाल्यावर!

दुसऱ्या जागाही सुचल्या होत्याच. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी आजच्या केनियातलं एक पठार देऊ केलं, तेव्हा ज्यूंसाठी देश मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीच्या बाझलमधल्या अधिवेशनात सगळ्यात कडवा विरोध केला तो रशियातल्या ज्यू प्रतिनिधींनी. त्याच वर्षी रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात त्यांच्या लोकांची कत्तल झाली होती, आसऱ्याची गरज त्यांनाच जास्त, तरी त्यांना पॅलेस्टाईनच हवं होतं. आणि त्या पठारावर तरी माणसं नव्हती का? नांदी जमातीचे लोक होते, मासाई होते.

पॅलेस्टाईनमध्ये तर १९४७ साली दोन तृतीयांश वस्ती अरबांची. इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात त्यातले सात लाखांवर बेघर झाले. युरोपच्या पापाची किंमत त्यांनी मोजली, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. आपल्या देशानेही संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्धच मत दिलं होतं. माझा खरा राग ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर भरलेल्या १९३८ च्या एव्हियाँ परिषदेवर आहे. बत्तीस देश जमले, सहानुभूती दाखवली, आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडलं तर जवळजवळ कुणीच दार उघडलं नाही. तेव्हा ती दारं उघडली असती तर किती जीव वाचले असते रे!

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. आपल्या कोकणातल्या शनिवार तेल्यांना, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंना, इथे कुणी छळलं नव्हतं. मराठी बोलणारी, आपल्यातलीच माणसं ती. तरी १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. दिवाळीत आलास की नवगावला जाऊ, त्यांच्या जुन्या दफनभूमीपाशी. उरलेलं तिथे बसून बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर