तापाच्या रुग्णाला गोठ्याबद्दलही विचारा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या काही दिवसांपासून आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या गावांत मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. गोचीड चावला की 'लाइम' नावाचा आजार होतो, सांधे कायमचे धरतात आणि डॉक्टरांना तो ओळखताच येत नाही, असे त्यात म्हटले आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी गोठ्यांतून गेली असल्याने दोन-तीन शेतकऱ्यांनी मला घाबरून फोन केले. एकाने तर मुलाच्या रक्ताची लाइमची तपासणी करून घेण्यासाठी नाशिकला निघण्याची तयारी केली होती. त्यांना जे सांगितले तेच थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

लाइम हा आजार खरा आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम नावाच्या गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास अनेक लहान मुलांचे गुडघे एकाएकी सुजू लागले, त्या चौकशीतून तो ओळखला गेला. त्याला कारण असलेला बोरेलिया जिवाणू विली बर्गडॉर्फर यांना गोचिडाच्या पोटात सापडला आणि १९८२मध्ये ते जाहीर झाले. हा जिवाणू वाहणारा इक्सोडिस जातीचा गोचीड थंड हवेच्या, पालापाचोळ्याने ओलसर राहणाऱ्या जंगलात वाढतो. आपल्या देशात या आजाराच्या तुरळक नोंदी आहेत, त्या मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यातून आणि ईशान्येकडून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या तापीच्या खोऱ्यात त्या गोचिडाला थारा मिळणे अवघड आहे. त्यामुळे परदेशातून किंवा हिमालयातून परतलेल्या कोणाच्या अंगावर दिवसागणिक पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर त्याने प्रवासाची माहिती देऊन डॉक्टरांना जरूर दाखवावे. इतरांनी मात्र तपासणीमागे धावू नये, कारण जिथे आजार जवळपास नाहीच, तिथे अशी चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तरी ती चुकीची असण्याचाच संभव अधिक असतो.

याचा अर्थ आपल्या गोठ्यातला गोचीड निरुपद्रवी आहे असा नव्हे, आणि माझे खरे सांगणे इथून पुढचे आहे. आपल्याकडचे हायलोमा आणि रिपिसेफॅलस या जातींचे गोचीड उन्हाळा सहज सोसतात. त्यांच्यापासून होणाऱ्या थायलेरिया आणि बबेसिया या रोगांनी संकरित गायी कशा बसतात, हे दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माणसालाही गोचिडापासून रिकेट्सिया या जंतूंचा ताप येतो, ज्यात तळहात-तळपायांपर्यंत पुरळ उठते. पावसाळ्याच्या शेवटी गवत-झुडपांतून चिकटणारा चिगर हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा गोचिडाचाच भाऊबंद असून तो स्क्रब टायफस नावाचा ताप देतो. २०१८मध्ये नागपूर भागात या आजाराने बरेच लोक आजारी पडले होते.

माझ्या पुतण्याचा अनुभव सांगतो. भाद्रपदात बांधावरचे गवत कापल्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याला थंडी वाजून ताप भरला. एका दवाखान्यात विडाल तपासणीवरून टायफॉइड ठरवून नऊ दिवस सलाइन लावले गेले. ताप काही उतरला नाही. दुसरीकडे नेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी त्याला पूर्ण तपासले, तेव्हा कमरेच्या करदोड्याखाली सिगारेटचा चटका बसावा तशी गोल, काळी खपली निघाली; ही स्क्रब टायफसची खूण. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्याने कोणाला सांगितलीही नव्हती. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. ही गोळी अगदी स्वस्त आहे. नऊ दिवस गेले ते केवळ कपडे बाजूला करून पाहिले नाही म्हणून, आणि उशीर झालेल्या रुग्णाची फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे आठवले की आजही माझ्या जिवाचा थरकाप होतो.

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेला माझी कळकळीची विनंती आहे की, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला 'गुरे आहेत का, गवतात किंवा रानात गेला होतात का, गोचीड काढला होता का' हे विचारून केसपेपरवर लिहावे, आणि काख, जांघ, कंबर, कानामागचा भाग पाहावा. सातपुड्यात गुरे चारणारे पावरा आणि भिल्ल बांधव, साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ यांना हे प्रश्न त्यांच्या बोलीत विचारले गेले तर उत्तर नेमके मिळेल. पशुसंवर्धन विभागाला गोचीड कुठे वाढले आहेत हे आधी कळते. ती माहिती आरोग्य विभागाकडे जाण्याची सोय आज माझ्या पाहण्यात नाही.

शेजारच्या गुजरातमध्ये २०११ साली क्रिमियन-काँगो तापाने माणसे दगावली, आणि त्यांत रुग्णसेवा करणारेही होते. हा विषाणू गोचिडाच्या चाव्याने, तसाच चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तानेही माणसाला लागतो. जनावर मात्र वरून धडधाकट दिसते. म्हणूनच पोळ्याला बैल धुताना एरंडीच्या बीएवढा टरारलेला गोचीड दोन नखांत फोडण्याची आपली सवय मला फार धोक्याची वाटते. हातमोजे घालून तो साबणाच्या पाण्यात टाकावा. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, कारण एकेक मादी तिथे हजारो अंडी घालते; जनावरावर नुसते औषध फवारून भागत नाही.

माणसाला चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून, न पिळता सरळ वर ओढावा, जागा साबणाने धुवावी आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढच्या महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना दुसरे काही सांगण्याआधी ती तारीख सांगावी.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. शिंदखेडा, जि. धुळे