आजीच्या गोधडीच्या दोन केल्या, त्याबद्दल

ठाणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधी मुख्य ते सांगते. आजीची मोठी गोधडी मी मधोमध कापली. आता तिच्या दोन गोधड्या झाल्यात. आई, फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असतास आणि रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही हे तिला सावकाश वाचून दाखवा. डोळ्यांत औषध चालू आहे तोवर तिनं स्वतः वाचायचं नाही.

ही वाटणी नव्हे, एवढं आधी मनात धर. काकांच्या वेळी घरातलं सगळं मोजून दोन झालं आणि ही एकच वस्तू तू मोजू दिली नाहीस, ते मी विसरलेले नाही. दुसरा काही उपाय असता तर मी कात्री हातात घेतली नसती.

झालं होतं असं. ट्रंकेत गोधडी आधी मधोमध दुमडून मग तिची घडी घातलेली होती, आणि ती मधली दुमड नेमकी तळाच्या पत्र्याला टेकलेली. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत पत्र्याचा रंग गेला की गंज धरायला वेळ लागत नाही. लोखंडाचा गंज सुती कापडात उतरला की त्याचा नुसता डाग पडत नाही, धागा आतून ठिसूळ होतो. वरपासून खालपर्यंत सात-आठ सेंटीमीटरचा पट्टा असा झाला होता की बोट लावलं तर आत जात होतं. आतल्या जांभळ्या लुगड्याचा तिथं भुगा झाला होता. लिंबू-मीठ लावून डाग फिका होईल, पण जीव गेलेला धागा परत येत नाही, उलट आंबटानं आणखी कमकुवत होतो. वरून ठिगळ लावावं, तर ठिगळ धरून ठेवायला आजूबाजूचं कापड मजबूत लागतं. नवं, जड कापड जुन्यावर शिवलं की पहिल्याच धुण्यात ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेनं जुनं कापड फाटतं. अख्खी उसवून नवे थर घालणं हा तिसरा मार्ग. पण मग आजीचा एकही टाका राहिला नसता. ते मला नको होतं, तुलाही चाललं नसतं.

म्हणून पट्टा तेवढा काढला. बाकी तिचे टाके जिथल्या तिथे आहेत.

कापायच्या आधी काय केलं ते नीट सांगते, म्हणजे तुझ्या जीवाला स्वस्थता येईल. आजीची शिलाई कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत जाते. आपल्याकडे बऱ्याच जणी तशीच घालतात. खाली उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही, कडेकडूनच आत येते. अशी गोधडी मधून कापली की प्रत्येक फेरी दोन ठिकाणी तुटते, आणि धावदोरा एकदा तुटला की ओढ बसेल तसा सुटत जातो. तेव्हा कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, गंज संपून चांगलं कापड लागतं तिथं, हातानं उलट्या टिपेच्या दोन-दोन ओळी घातल्या, चारही थरांतून. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागच्या टाक्यात अडकतो, त्यामुळे तुटलेली टोकं तिथंच धरून राहतात. मग पट्टा कापला. मूळ गोधडी सव्वादोन मीटर बाय दोन मीटर होती. आता प्रत्येक अर्धी साधारण एक मीटर आठ सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर लांब आहे. एका माणसाला अंगाखाली आणि पायांवर घ्यायला पुरते.

मधला खणाचा चौकोन मात्र नेमका दुमडीवर होता. तो आधी उसवून काढला. एका कोपऱ्यात बोटभर गंज होता तेवढा कातरला, कडा पुन्हा आत दुमडल्या, आणि चौकोन तुमच्या गोधडीच्या उशाकडे लावला. पूर्वीपेक्षा जरा लहान दिसेल. दचकू नकोस.

आता खालचं अस्तर. बाबा, तुमचं धोतर लागलं. माळ्यावरच्या बोचक्यातलं साडेचार मीटरचं, काठ विटलेलं. अर्ध्यावर फाडलं आणि दोन्ही गोधड्यांना एकेक तुकडा बरोबर पुरला. नवं मांजरपाट मुद्दाम घेतलं नाही. नवं कापड धुतल्यावर शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणजे दोन मीटरला सहा ते दहा सेंटीमीटर. जुनं कापड आटायचं तेवढं आधीच आटून बसलेलं असतं. मग खालचं ओढून धरतं आणि वर सगळीकडे चुण्या पडतात. कुणी नवं अस्तर लावणारच असेल तर रात्रभर भिजवून दोनदा धुवावं, खळ पूर्ण काढावी. धोतराचं तसं काही नव्हतं. शिवाय ते इतकं मऊ आहे की सुई अडत नाही.

आजीच्या दोन ओळींत दोन सेंटीमीटर अंतर आहे, मी माझी ओळ त्यांच्या मधोमध घेतली. दोरा मुद्दाम फिकट निळा घेतला. पांढरा घेतला असता तर उद्या कुणाला कळलं नसतं तिचे टाके कुठले. तिचे इंचाला सहा आहेत, माझे जेमतेम चार-पाच. गाठी सगळ्या थरांच्या मध्ये ओढून घेतल्यात. मागच्या बाजूला राहिलेली गाठ अंगाखाली टोचते आणि घासून सुटते.

आणि आई, आत जे दिसलं ते तुला सांगायलाच हवं. ठिगळांच्या खाली तीन थर निघाले. एका लुगड्याचे, सव्वाआठ मीटरचे, चार तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले की या मापाचे दोन थर होतात. तीन थरांना दीड लुगडं लागलं. उरलेल्या अर्ध्याची माझी दुपटी झाली असं तू सांगायचीस ना, ते हिशोबात अगदी बसतं! पट्ट्या तिनं कात्रीनं कापलेल्या नाहीत, फाडल्यात. फाडलं की कापड आपोआप धाग्यात सरळ जातं, म्हणून इतक्या वर्षांनी एकही चौकोन तिरका झालेला नाही. त्रिकोण मात्र थोडे ओढलेत, कारण त्यांची एक कड धाग्याला तिरकी असते आणि तिरकं कापड हातातल्या हातात वाढतं. तिथं तिनं काठाची पट्टी आडवी घालून ओढ धरली आहे. तापात पडलेली असताना मी त्या पट्ट्यांवरूनच बोट फिरवत झोपायचे, तू डोक्यावर पाण्याची घडी बदलत असायचीस. तेव्हा ती नक्षी वाटायची.

कुठलं कुठं गेलं तेही सांगते. हिरवा काठ, मामीच्या चोळीची ठिगळं आणि खणाचा चौकोन तुमच्याकडे. बाबांच्या लेंग्याच्या पट्ट्या आणि ते पिवळं, आपल्याला माहीत आहे ते, दादाकडे. मला त्यातली कुठलीच नको. मला तू शिवायला घेतलेली हवी आहे, जी पडवीत अर्धी पडली आहे.

आता तिच्याविषयी. डॉक्टर चष्म्याचा नंबर देईपर्यंत सुई हातात धरायची नाही. नंबर बसायला चार-सहा आठवडे जातातच. तोवर खाली वाकून कापड पसरणं नाही, ट्रंक सरकवणं नाही, कळशी उचलणं नाही. रागावू नकोस. तुझा हात अजून आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला चालतो, तो पुढंही चालावा म्हणूनच सांगते.

जमिनीवर बसून शिवणं मात्र कायमचं बंद. गुडघ्यांना आता ते झेपत नाही. गोधडी जमिनीवर पसरावी लागते ती थर एकसारखे बसावेत म्हणून, आणि ते काम फक्त कच्च्या दोऱ्यापुरतं आहे. तू कच्चा दोरा फक्त कडेनं घालतेस आणि मग कडेपासून आत येतेस. आजीही तेच करायची. तिच्या हाताला सवय होती, पण त्यात कापडाचा सगळा ढिलेपणा ढकलला जाऊन मध्यावर साठतो आणि तिथं फुगा येतो. तुझ्या निळ्या गोधडीला आला होता तो याच कारणानं. गणपतीला आम्ही येऊ तेव्हा मी आणि दादा पडवीत गोधडी पसरून चारही बाजूंना पाट ठेवू, आणि मध्यापासून बाहेर वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घालून देऊ. उभा आणि आडवा. एवढं धरलं की थर हलत नाहीत. मग तू खुर्चीत बसून, गोधडीचं वजन टेबलावर ठेवून शिवू शकतेस. मानेवर आणि मांडीवर ओझं येत नाही. एक ओळ डावीकडून उजवीकडे गेली की पुढची उजवीकडून डावीकडे. सगळ्या एकाच दिशेनं घातल्या तर वरचा थर सरकत जातो आणि शेवटी गोधडी वाकडी होते.

तिच्यात तीनच थर ठेव. चौथा घालायचा मोह होईल, पण चौथ्या थराला सुई रेटावी लागते आणि अंगठ्याच्या सांध्यावर जोर येतो. कोकणातल्या थंडीला तीन पुष्कळ झाले. आतला थर सुतीच हवा. त्या टेरिकॉटच्या साड्या त्यात घालू नकोस, त्या घाम शोषत नाहीत आणि आतल्या आत घसरतात. लाल इरकली घालणार असशील तर पांढरं फडकं ओलं करून आधी त्यावर चोळून बघ. रंग लागला तर ती यात नको. कच्चा रंग मिठाच्या पाण्यानं पक्का होत नाही, कुणी काही सांगो.

एका माणसापुरत्या गोधडीला, ओळींत सव्वा सेंटीमीटर अंतर धरलं तर दोनशे मीटरच्या आसपास दोरा जातो. घाई नको. एका वेळी हातभरच दोरा घे. लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. मेणावरून एकदा ओढ. बाबा, सकाळी उजेडात दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचं काम तुमचं. दिव्याच्या उजेडात शिवायला तिला बसू देऊ नका. आणि अंगुस्तान घालायला लावा, ती घालत नाही.

तुमच्या वाटची गोधडी दादा या आठवड्यात घेऊन येतोय. मिरग तोंडावर आहे, म्हणून ठेवण्याचं आत्ताच सांगते. ट्रंकेत परत घालायची नाही. माजघरातल्या लाकडी कपाटात, वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढं. खाली जुनी सुती चादर. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको, आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी धरते. घडी घालण्यापेक्षा गुंडाळून ठेव. घडीच घातलीस तर गणपतीत आणि होळीत मोडून दुसरीकडे घाल, म्हणजे एकाच रेषेवर ताण येत नाही. खळ केलेलं काही तिच्या शेजारी ठेवू नकोस, कसर खळीवरच येते. डांबरगोळ्या नकोत, बाबांच्या दम्याला तो वास बाधतो. कडुलिंबाचा खडखडीत वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेव आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदल.

पावसात धुवायची नाही. दिवाळीच्या आसपास ऊन कडकडीत झालं की रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून हातानं नुसती दाबायची, पिळायची नाही. भिजल्यावर ती इतकी जड होते की एका दोरीवर टाकली तर स्वतःच्या वजनानं जुने धागे तुटतात. दोन-तीन दोऱ्या शेजारी बांधून त्यांवर आडवी पसरा, उलटी बाजू वर करून. उन्हातून आणल्यावर लगेच आत टाकू नका, पडवीत गार होऊ द्या.

आणि कृपा करून वापरा. पाहुण्यांसाठी ठेवू नका. बाबांचे पाय रात्री गार पडतात, त्यांच्या पायांवर घाल. मऊ बाजू, म्हणजे धोतराची, अंगाकडे. खराब झाली तर मी आहे शिवायला.

आई, गोधडी हातात आल्यावर कापलेली कड बघशील. तिथं तुझ्या जांभळ्या लुगड्याचा काठ लावला आहे, दीड इंच रुंद, दोन्हीकडून दुमडून. कोपरे तिरके मोडलेत, तू शिकवलेस तसे. काही चुकलं वाटलं तर उसवू नकोस, मला फोन कर.

तुमची,
बाय

ता. क. दादाच्या गोधडीच्या एका कडेला काठ वीतभर कमी पडतोय. माळ्यावर उरलेल्या काठाची गुंडाळी आहे, पत्र्याच्या डब्यात. बाबांनी शिडीवर चढायचं नाही. दादा येईल तेव्हा तो काढील, तोपर्यंत डब्याला हात लावू नका.