परत न आलेल्या बाटलीची अनामत कोणाची? पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरण मंत्री यांस,

स. न. वि. वि.

पेयांच्या बाटल्या आणि कॅनवर अनामत, म्हणजे रिकामी बाटली आणून दिल्यावर परत मिळणारी रक्कम, घेण्याचा विषय निघाला की सगळी चर्चा रकमेवर येऊन थांबते. रक्कम महत्त्वाची आहेच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७१ साली कायदा करून पाच सेंट अनामत ठरवली आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ ती तशीच ठेवली. महागाईत त्या पाच सेंटांची किंमत उरली नाही, परत येणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण घसरत ६४ टक्क्यांवर आले. एप्रिल २०१७ मध्ये अनामत दहा सेंट केली, तेव्हा ते पुन्हा ८० टक्क्यांच्या वर गेले. तेव्हा रक्कम वेळोवेळी वाढवण्याची तरतूद कायद्यातच हवी.

पण आमचा आग्रह वेगळ्या मुद्द्यासाठी आहे. जी बाटली परतच आली नाही, तिची अनामत कोणाच्या खिशात जाते?

पैसा असा फिरतो. बाटली बाजारात आणताना उत्पादक तिची अनामत योजना चालवणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडे भरतो आणि दुकानदाराकडून वसूल करतो. दुकानदार ती गिऱ्हाइकाकडून घेतो. रिकामी बाटली आली की दुकानदार पैसे परत देतो. संस्था ती रक्कम त्याला भरून देते आणि वर हाताळणी शुल्क देते. संस्थेचा खर्च तीन वाटांनी निघतो: उत्पादकांची वर्गणी, गोळा झालेल्या मालाची विक्री आणि परत न आलेल्या बाटल्यांची अनामत. मेख या तिसऱ्या वाटेत आहे. शंभरातल्या चाळीस बाटल्या नाल्यात गेल्या, तर चाळिसांची अनामत शिल्लक राहते आणि त्या मोजण्या-वाहण्याचा खर्चही वाचतो. म्हणजे योजना जितकी ढिसाळ, तितकी तिजोरी भरलेली. हा पैसा सरकारी महसुलात गेला तरी दोष तोच राहतो.

नॉर्वेने याला चांगला लगाम घातला आहे. तिथे उत्पादकांवर बाटली-कॅनमागे पर्यावरण कर आहे. परतीचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की कर उतरू लागतो आणि ९५ टक्क्यांना शून्य होतो. त्यामुळे बाटली परत यावी यात उत्पादकाचाच फायदा असतो. आपल्या कायद्यातही शिल्लक अनामत फक्त संकलनावर खर्च व्हावी आणि उद्दिष्ट चुकल्यास उत्पादकांना भुर्दंड पडावा.

दुसरी दुखरी जागा दुकानदाराची. रिकाम्या बाटल्या जागा अडवतात, चिकट होतात, त्यांना मुंग्या लागतात. हाताळणी शुल्क तुटपुंजे असेल तर तो रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनवर ‘मशीन बंद आहे’ची पाटी लावून मोकळा होतो. कॅलिफोर्नियात भंगाराचे भाव पडले, सरकारी भरपाई त्या मानाने वाढली नाही आणि शेकडो परतावा केंद्रे बंद झाली. लोक अनामत भरत राहिले, परत घ्यायला जवळ केंद्रच उरले नाही. म्हणून शुल्क प्रत्यक्ष खर्च मोजून ठरवावे, भंगाराच्या भावाला बांधू नये.

आता मशीनचे. बाटली आत ठेवली की ती फिरते, स्कॅनर बारकोड वाचतो, सेन्सर आकार आणि वजन ताडून पाहतात. सगळे जुळले तरच पैसे मिळतात, आणि मग बाटली आतच चेपली जाते, म्हणजे तीच दुसऱ्यांदा देता येत नाही. लोक मात्र सवयीने बाटली आधीच चुरगाळतात, लेबल सोलतात किंवा तळाशी दोन घोट ठेवतात. बारकोड वाचता येत नाही, वजन जास्त भरते आणि मशीन बाटली परत ढकलते. ‘चेपू नका, रिकामी करा, लेबल ठेवा, झाकण लावा’ ही सूचना बाटलीवरच छापणे सक्तीचे करावे. जिथे मशीन परवडत नाही, तिथे क्रमांक असलेल्या सीलबंद पिशव्या आणि मध्यवर्ती मोजणी केंद्र हा मार्ग चालतो.

एकेक बाटली घेणाऱ्या मशीनसमोर पाचशे बाटल्यांची गोणी घेऊन आलेल्या कचरावेचकाने काय करायचे? रांगेतले लोक कुरकुरतात, दुकानदार त्याला हाकलतो. ज्यांच्या हातून सर्वाधिक माल गोळा होऊ शकतो तेच बाहेर राहतात. त्यांच्यासाठी गोणीने माल मोजून घेणारी आणि त्याच दिवशी पैसे देणारी केंद्रे पहिल्या दिवसापासून हवीत.

योजना एकच असावी. जर्मनीत २००३ साली अनामत सुरू झाली तेव्हा काही साखळी दुकानांना फक्त स्वतःच्या खास आकाराच्या बाटल्या परत घेण्याची मुभा होती. गिऱ्हाइकांची वणवण २००६ मध्ये ती पळवाट बंद झाल्यावर थांबली. आज २५ सेंट अनामतीवर तिथल्या जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात.

शेवटचा मुद्दा तारखांचा. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ ला योजना सुरू झाली, पण अनामतीचे चिन्ह न छापलेला जुना माल पुढे काही महिने विकायला परवानगी होती. एकाच फळीवर दोन्ही बाटल्या, आणि मशीन त्यातली एकच घेणार. नियमांच्या मसुद्यात तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात: चिन्ह छापणे सक्तीचे होण्याची, अनामत सुरू होण्याची आणि जुना माल फळीवरून उतरवण्याची. पहिल्या दोन तारखांमध्ये दुकानातला साठा संपेल इतके अंतर असावे.

आपले,
घनकचरा व्यवस्थापनात काम करणारे कार्यकर्ते व तंत्रज्ञ